नगराचा सेवक : सदाशिव गोविंद बर्वे



मागच्या महिन्यात इयत्ता आठवीच्या वर्गात आम्ही एक साधा प्रश्न विचारला. मोठे होऊन काय व्हायचे आहे? डॉक्टर, इंजिनियर, सैन्यात अधिकारी, चार्टर्ड अकाउंटंट, क्रिकेटपटू, गायिका अशी सुंदर उत्तरे आली. दोघातिघांनी कलेक्टर असेही सांगितले. मग आम्ही विचारले, नगर निगमात काम करायला कोणाला आवडेल? वर्गात हशा पिकला. मुलांना वाटले, गुरुजी थट्टा करत आहेत.

आम्ही थट्टा करत नव्हतो. सकाळी उठल्यावर आपण नळ उघडतो, तेव्हापासून रात्री गल्लीतला दिवा लागेपर्यंत आपला सारा दिवस नगराच्या व्यवस्थेवर चालतो. पाणी, गटारे, कचरा, रस्ते, दिवे, लसीकरण, जन्म-मृत्यूची नोंद, अग्निशमन, घर बांधण्याची परवानगी, शेवटी स्मशानभूमीसुद्धा, या सगळ्यांमागे कोणीतरी माणूस बसलेला असतो. काम नीट झाले तर त्याची आठवण कोणालाच होत नाही. बिघडले की सगळा गाव त्याला नावे ठेवतो. अशा कामाकडे आपली हुशार मुले का वळावीत, या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्या दिवशी वर्गात नीट देऊ शकलो नाही. म्हणून या अंकात एका मराठी माणसाचे चरित्र सांगत आहोत. त्यांचे नाव सदाशिव गोविंद बर्वे. महाराष्ट्रात त्यांना स. गो. बर्वे म्हणून ओळखतात.

बर्व्यांचा जन्म २७ एप्रिल १९१४ रोजी तासगावला झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. बुद्धी तल्लख होती. त्या काळी हुशार तरुणांपुढे जी सर्वांत अवघड परीक्षा असे, ती आय.सी.एस.ची. बर्वे ती उत्तीर्ण झाले आणि १९३६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्या सेवेत दाखल झाले. तेव्हा राज्य इंग्रजांचे होते. आय.सी.एस. अधिकारी म्हणजे साहेब, त्याच्या बंगल्याच्या फाटकाशी सामान्य माणूस बिचकून उभा राहायचा. अकरा वर्षांनी देश स्वतंत्र झाला. ज्या सेवेचे काम मुख्यतः सरकारचा अंमल बसवणे हे होते, त्याच सेवेतल्या माणसांना आता लोकांची कामे करायची होती. काहींना हा बदल जड गेला. बर्व्यांसारख्यांच्या हातून खरे काम त्यानंतरच घडले.

१५ फेब्रुवारी १९५० रोजी पुण्याची महानगरपालिका स्थापन झाली. त्यापूर्वी पुण्यात शहराची नगरपालिका वेगळी आणि उपनगरांची वेगळी अशी स्थिती होती. १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायद्याने दोन्ही एका छत्राखाली आल्या. या नव्या महानगरपालिकेचे पहिले आयुक्त म्हणून बर्व्यांची नेमणूक झाली. तेव्हा त्यांचे वय होते ३५.

महापौर आणि आयुक्त यांत फरक काय, असे मुले आम्हांला नेहमी विचारतात. थोडक्यात सांगतो. लोकांनी निवडून दिलेले नगरसेवक सभागृहात बसतात, धोरण ठरवतात, अंदाजपत्रक मंजूर करतात. महापौर त्या सभागृहाचा प्रमुख. ठरलेले काम प्रत्यक्ष करून घेणारा, सर्व खात्यांचा कारभार चालवणारा अधिकारी म्हणजे आयुक्त. आपल्या घरात आजोबा आणि आई-बाबा मिळून काय करायचे ते ठरवतात, पण भाजी आणणे, बिल भरणे, प्लंबरला बोलावणे हे कोणा एकाच्या गळ्यात असते ना, तसेच काहीसे समजा.

पुण्यात निवडून आलेले सभागृह १९५२ मध्ये बसले आणि बाबूराव सणस पहिले महापौर झाले. त्याआधीची पहिली दोन वर्षे घडी बसवण्याची होती. दोन पालिकांचे कर वेगळे, नोकरवर्ग वेगळा, दप्तर वेगळे. ते एक करायचे. वस्ती पाच लाखांच्या आतबाहेर पोहोचली होती. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांची भर पडली होती. जुन्या पेठांतले वाडे दाटीवाटीचे आणि नदीपलीकडे नवी वस्ती झपाट्याने वाढत होती. १९५० मध्येच शहराची बससेवा खाजगी कंपनीकडून महानगरपालिकेकडे आली. ज्यांचे आप्त पुण्याला आहेत, त्यांनी पी.एम.टी.च्या बसमधून प्रवास केलाच असेल. त्या सेवेची सुरुवात ही अशी.

या कामात रोमांच कमी आणि कटकट जास्त. कोणत्या गल्लीत जलवाहिनी कुठून जाते, कोणत्या पुलावर किती ताण येतो, कोणते खाते कोणावर ढकलते, हे फायलीत पूर्ण सापडत नाही. ते शहरात फिरून, माणसांशी बोलून कळते. बर्व्यांना पुणे असे आतून कळले. ही ओळख पुढे एका भयंकर दिवशी कामास येणार होती.

पुण्यानंतर बर्व्यांनी अनेक जबाबदाऱ्या पार पाडल्या. आपल्यासारख्या हिंदी प्रदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना त्यातली एक विशेष वाटेल. १९५५ मध्ये बाळ गंगाधर खेर यांच्या अध्यक्षतेखाली भारत सरकारने राजभाषा आयोग नेमला. हिंदीचा वापर सरकारी कामात कसा वाढवावा, याचा विचार त्या आयोगाने केला. त्याचे सचिव होते बर्वे. म्हणजे आम्ही हिंदी माध्यमातून पदवी घेतली आणि आज मराठी शाळेच्या पत्रिकेत लिहीत आहोत, त्या दोन्ही भाषांच्या प्रश्नाशी या गृहस्थांचा संबंध आला होता.

त्यानंतर ते मुंबई राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचे सचिव होते. १९५८ मध्ये सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली बृहन्मुंबईसाठी एक अभ्यासगट नेमला. मुंबईत घरे अपुरी, मैदाने कमी, रस्ते तुंबलेले आणि कारखाने एकाच ठिकाणी गर्दी करून बसलेले. यावर उपाय सुचवायचे होते. फेब्रुवारी १९५९ मध्ये या गटाने आपला अहवाल दिला. मुंबई हे तीन बाजूंनी पाण्याने वेढलेले शहर, त्यामुळे वाढायला जागा एकाच दिशेला, उत्तरेला. बर्वे गटाने पूर्वेकडे पाहिले. ठाण्याच्या खाडीवर रेल्वे आणि रस्ता यांसाठी पूल बांधावा, म्हणजे पलीकडच्या मुख्य भूमीवर वस्ती आणि उद्योग शिस्तीने वाढतील आणि मुंबईवरचा भार हलका होईल, अशी त्यांची महत्त्वाची शिफारस होती. महाराष्ट्र सरकारने ती मान्य केली. पुढे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीने प्रादेशिक नियोजनाचा विचार केला, १९७० मध्ये सिडको ही संस्था स्थापन झाली आणि खाडीपलीकडे नवी मुंबई उभी राहिली. खाडीवरचा पहिला रस्त्याचा पूल १९७३ मध्ये खुला झाला आणि मानखुर्द ते वाशी रेल्वे १९९२ मध्ये सुरू झाली. आपल्यापैकी ज्यांचे काका, मामा, मावशी वाशीला किंवा नेरूळला राहतात, त्यांनी पुढच्या वेळी खाडी ओलांडताना या अहवालाची आठवण काढावी. बर्व्यांनी स्वतः तो पूल पाहिला नाही. नगराच्या कामात असेच होते. झाड एकजण लावतो आणि सावलीत दुसरेच बसतात.

आता त्या भयंकर दिवसाकडे येतो.

१२ जुलै १९६१. पुण्याच्या वर, मुठेच्या खोऱ्यात, आंबी नदीवर पानशेत येथे मातीचे धरण बांधले जात होते. त्याचे काम पुरते संपलेले नव्हते, तरी त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठले. पाऊस जोराचा होता. धरणाला धोका दिसू लागला तेव्हा लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून ते थोपवून धरले. त्यामुळे धरण रात्री न फुटता सकाळी फुटले. पुणे झोपेत असते तर किती माणसे गेली असती, याची कल्पना करवत नाही. पानशेतचे पाणी खालच्या खडकवासला धरणावर आदळले. ते जुने दगडी धरणही त्याच दिवशी फुटले. मुठा नदी पुण्यात शिरली. नदीकाठच्या पेठांतले वाडे कोसळले, पूल पाण्याखाली गेले, वीज आणि दूरध्वनी बंद पडले. हजारो कुटुंबे एका दिवसात उघड्यावर आली.

पूर ओसरला आणि दुसरे संकट उभे राहिले. पुण्याला पिण्याचे पाणी खडकवासल्यातूनच येत असे. धरणच फुटल्यामुळे, काल पाण्यात बुडालेल्या शहराला आज प्यायला पाणी नव्हते. लोक वाड्यांतल्या जुन्या आडांकडे वळले. पेशव्यांच्या काळी कात्रजहून आणलेल्या पाण्याच्या हौदांची आठवण झाली.

इथे थोडे थांबून आपल्या गावाकडे पाहू या. ग्वाल्हेरला पिण्याचे पाणी तिघराच्या धरणातून मिळते. सांक नदीवरचे हे धरण संस्थानच्या काळातले. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आपोआप उघडणारे दरवाजे शोधून काढले. ते प्रथम १९०३ मध्ये खडकवासल्याला बसवले गेले आणि नंतर आपल्या तिघराला. म्हणजे पुण्याच्या आणि आपल्या पाण्याचे असे जुने नाते आहे. हे नाते दुःखाचेही आहे. बांधून फार दिवस झाले नव्हते, तोच ऑगस्ट १९१७ मध्ये तिघराचे धरण फुटले आणि खालच्या गावांत मोठी प्राणहानी झाली. ते पुन्हा उभे केले गेले, म्हणून आज दौलतगंजच्या नळाला पाणी येते. त्यामुळे पानशेतची गोष्ट आपल्यासाठी परगावची नाही.

त्या वेळी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. उद्ध्वस्त पुण्याच्या पुनर्वसनाचे काम सरकारने बर्व्यांकडे सोपवले. कारण उघड होते. ज्याने या शहराच्या महानगरपालिकेची पहिली घडी बसवली, ज्याला त्याच्या गल्ल्या आणि गटारे ठाऊक होती, तोच त्याला पुन्हा उभे करू शकेल.

पुनर्वसन हा शब्द लिहायला सोपा आहे. त्यात काय काय येते ते पाहा. घराघरांतून आणि रस्त्यांतून चिखल काढायचा, नाहीतर रोगराई पसरते. मेलेली जनावरे हलवायची. पाण्याची सोय करायची आणि ते पाणी शुद्ध आहे हे पाहायचे. शाळांमध्ये आसरा घेतलेल्या कुटुंबांना तात्पुरती घरे द्यायची, म्हणजे शाळाही सुरू होतील. कोणाचे किती नुकसान झाले ते मोजायचे. खरे नुकसान झालेला माणूस पुष्कळदा मागायला लाजतो आणि न झालेला मोठ्या आवाजात मागतो. दोघांत फरक करायचा, पण कोणाचा अपमान होऊ द्यायचा नाही. पुन्हा नदीकाठीच घरे बांधू द्यायची की दूर जागा द्यायची, हे ठरवायचे. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर या वस्त्यांची नावे आपण पुण्याला ऐकतो. त्यांचा इतिहास पूरग्रस्तांच्या पुनर्वसनाशी जोडलेला आहे. अर्धगोल छपरांच्या तात्पुरत्या घरांत अनेक कुटुंबांनी पुढची कित्येक वर्षे काढली. पूरग्रस्तांच्या शंभरावर सहकारी गृहसंस्था उभ्या राहिल्या. हे सर्व काही महिन्यांत झाले नाही आणि एका माणसाने केले नाही. सफाई कामगार, अभियंते, कारकून, जवान, शाळा-कॉलेजचे विद्यार्थी, सगळे राबले. पण अशा वेळी वर बसून निर्णय घेणारा आणि त्या निर्णयाची जबाबदारी स्वतःवर घेणारा एक माणूस लागतो. पुण्याला तो मिळाला.

मुलांनो, एक गोष्ट लपवून चालणार नाही. पानशेतचा पूर फक्त पावसाने आला नाही. अपुऱ्या धरणात पाणी साठले, ही माणसांच्या हातची चूक होती आणि तिची पुढे चौकशीही झाली. म्हणजे ज्या शासनाच्या हातून ही चूक घडली, त्याच शासनातला एक अधिकारी ती निस्तरायला उभा राहिला. शासन असे म्हणून आपण ज्याला नावे ठेवतो किंवा हात जोडतो, ती शेवटी माणसे असतात. त्यांत घाई करणारेही असतात आणि निगुतीने काम करणारेही. आपल्या वर्गातून त्यात कोण जाणार, यावर पुढच्या पन्नास वर्षांचे नळ, पूल आणि धरणे अवलंबून आहेत.

पुरानंतर बर्व्यांनी एक धाडसी निर्णय घेतला. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांनी आय.सी.एस.चा राजीनामा दिला. सुरक्षित नोकरी, मान, पुढची बढती हे सर्व सोडून ते निवडणुकीला उभे राहिले. १९६२ मध्ये पुण्याच्या शिवाजीनगर मतदारसंघातून ते विधानसभेवर निवडून आले. चिखलात ज्यांच्यासाठी काम केले, त्या लोकांनी त्यांना मते दिली. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळात अर्थखात्याची जबाबदारी त्यांनी सांभाळली. राज्याच्या पहिल्या पाटबंधारे आयोगाचे तेच अध्यक्ष. आयोगाचा अहवाल १९६२ मध्ये आला आणि आजही तो बर्वे आयोग म्हणून ओळखला जातो. पुढे दिल्लीला ते योजना आयोगाचे सदस्य झाले. प्रशासन कसे सुधारावे यावर त्यांनी इंग्रजीत पुस्तकेही लिहिली.

अधिकाऱ्याने राजकारणात जावे की नाही, यावर आपल्या घरांत दोन मते असतील. आमच्या शिक्षक कक्षातही आहेत. आम्हांला एवढेच वाटते की त्यांनी मार्ग सरळ धरला. आधी पद सोडले, मग लोकांपुढे जाऊन मत मागितले. अधिकारी राहून राजकारण केले नाही. हा भेद आज मुलांना समजावून सांगण्यासारखा आहे.

१९६७ मध्ये काँग्रेसने त्यांना मुंबई ईशान्य मतदारसंघातून लोकसभेसाठी उभे केले. समोर होते देशाचे माजी संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन. साऱ्या देशाचे लक्ष त्या लढतीकडे होते. बर्वे जिंकले. पण लोकसभेत काम करणे त्यांच्या नशिबी नव्हते. निकालानंतर थोड्याच दिवसांत, ६ मार्च १९६७ रोजी, त्यांचे निधन झाले. वय अवघे ५२. त्या जागी पोटनिवडणूक झाली आणि त्यांच्या भगिनी ताराबाई सप्रे निवडून आल्या. त्यांच्यासमोरही मेननच होते.

पुण्यात महानगरपालिकेजवळ, शिवाजीनगरला, स. गो. बर्वे चौक आहे. मुंबईत कुर्ला-चेंबूर भागात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. रोज लाखो माणसे तिथून जातात. हे बर्वे कोण, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल? सुटीत पुण्या-मुंबईला जाणाऱ्या आमच्या मुलांना तरी आता ते ठाऊक असेल, एवढ्यासाठी हा लेख.

पालकांना एक विनंती. आपले लष्कर गाव दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढले. पूर्वजांनी तंबू ठोकले, मग विहिरी खणल्या, बाजार वसवले, शाळा काढल्या. ही वस्ती त्यांनी स्वतःच्या हातांनी उभारली. आज आपली मुले शिकतात आणि बंगळूर, पुणे, परदेश अशी निघून जातात. त्यांनी जरूर जावे. त्यांच्या यशाचा आम्हांला अभिमान आहे. पण एखादा मुलगा किंवा मुलगी म्हणाली, मी इथेच राहीन, नगराच्या पाण्याचे, स्वच्छतेचे, रस्त्यांचे काम करीन, तर तिला हसू नका. गुण कमी पडले म्हणून राहिली, असे नातेवाइकांना सांगू नका. बर्वे त्या काळातली सर्वांत कठीण परीक्षा उत्तीर्ण झालेले होते आणि त्यांनी गटारांच्या आणि नळांच्या कामात कमीपणा मानला नाही.

विद्यार्थ्यांसाठी सुटीचे काम. इयत्ता आठवी ते दहावीच्या मुलांनी आपल्या घरच्या नळाचे पाणी तिघरापासून कोणत्या मार्गाने येते, वाटेत ते कुठे शुद्ध होते आणि कोणत्या टाकीतून आपल्या मोहल्ल्यात पोहोचते, याची माहिती घ्यावी आणि एक पान लिहून आणावे. माहिती विचारताना निगमाच्या कर्मचाऱ्याशी नमस्कार करून, नाव विचारून बोलावे. त्याला काका म्हणायला हरकत नाही. चांगली पाने पुढच्या अंकात छापू.

आणि शाळा उघडल्यावर तोच प्रश्न आम्ही पुन्हा एकदा वर्गात विचारणार आहोत.

— प्राचार्य